मॅझिनीची फोडलेली पत्रे

जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. सावरकरांनी केलेले त्याच्या लेखनाचे भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले. इटलीच्या स्वातंत्र्याचा हा प्रणेता व्यक्तीच्या खासगीपणाच्या इतिहासातही मोलाचे स्थान राखून आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच ठेवले जाते.

१८०५ साली जिनोआत जन्मलेल्या मॅझिनीस गुप्त संघटनेतील सहभागामुळे १८३० मध्ये कारावास व त्यानंतर हद्दपारी भोगावी लागली. १८३१ साली त्याने मार्सेल्स येथे ‘तरुण इटली’ ही संघटना स्थापन केली. दोन वर्षांनी बंडाचा कट फसला आणि त्याच्या गैरहजेरीतच त्यास देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. १८३७ पासून तो लंडनच्या आश्रयास होता. लेखनावर गुजराण करावी, गरीब इटालियन मुलांसाठी शाळा चालवावी आणि युरोपभर विखुरलेल्या सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार राखावा, असा त्याचा क्रम असे.

१८४४ मध्ये आपली पत्रे वाटेतच फोडली जात असल्याचा संशय त्यास आला. मित्रांकडून येणाऱ्या पत्रांत त्याने खसखशीचे दाणे व केस घालावयास लावले. पत्रे मोहोरबंद पोहोचत, आतील दाणे मात्र नाहीसे झालेले असत. जूनमध्ये टॉमस डन्कोम्ब यांनी हे प्रकरण पार्लमेंटपुढे आणले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती आणि त्यांतील काही माहिती ऑस्ट्रियाला पुरविली गेली होती, हे उघड झाले. त्याच जुलैत बांदिएरा बंधू कालाब्रियात गोळ्यांना बळी पडले. त्यांचा घात या माहितीमुळेच झाला असे सिद्ध झाले नाही. परंतु तो डाग ग्रॅहॅम यांना पुसता आला नाही.

चौकशी समित्यांना आढळले की, मंत्र्यांचा हा अधिकार जुना होता. गुप्तलिपी उकलणारी कचेरी बंद झाली, अधिकार मात्र शाबूत राहिला. कायद्याचा आधार असला म्हणजे कृत्य न्याय्य ठरते असे नाही, हाच या प्रकरणाचा बोध होय.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तरीही २०२३ च्या टपाल कायद्याने टपाल अडविण्याचा अधिकार सरकारकडेच ठेवला आहे. दूरध्वनी ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतात आणि तिची छाननी करणारी समितीही सचिवांचीच असते. ज्याच्यावर पाळत आहे, त्यास त्याची गंधवार्ताही नसते. दूरध्वनीत खसखस घालता येत नाही. म्हणूनच ही छाननी न्यायाधीशांकडे सोपविणे अगत्याचे आहे.

१८४९ मध्ये रोमन प्रजासत्ताकाच्या तीन प्रमुखांपैकी एक झालेल्या मॅझिनीने १८७२ साली पिसा येथे देह ठेवला. इटली तोवर एक झाली होती. तरीही त्या घरी तो ब्राउन या इंग्रजी नावानेच राहत होता.