गाइडचीच चूक काढली तिने!

फायनल इयरचा प्रोजेक्ट सिनियरकडून उचलायचा विचार चाललाय? थांबा, आधी एडा लव्हलेसला भेटा.

१८१५ साली लंडनमध्ये जन्मलेली ही कवी बायरनची लेक. तेव्हा इंग्लंडमध्ये मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. मग एडा पुढचं गणित शिकली ते प्रा. ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडून, बरंचसं पत्रांतून. सतराव्या वर्षी चार्ल्स बॅबेज भेटले आणि तेच तिचे गाइड झाले म्हणा ना!

बॅबेजच्या ॲनालिटिकल इंजिनवर मेनाब्रिया या इटालियन इंजिनिअरचा फ्रेंच लेख होता. एडाने तो इंग्रजीत आणला. बॅबेजनी सुचवलं, स्वतःच्या टिपाही जोड. तीन मुलांच्या या आईने मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट टिपा लिहिल्या! शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या यंत्राने कशा काढायच्या, याचा पायरीपायरीचा तक्ता होता. त्याचं बीजगणित बॅबेजनी करून दिलं, तर त्यातली मोठी चूक तिने पकडून परत पाठवली. १८४३ मध्ये हे छापून आलं. त्या तक्त्याला अनेक जण जगातला पहिला कम्प्युटर प्रोग्रॅम मानतात. त्यात तिचं किती, बॅबेजचं किती, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालूच आहेत.

यंत्र काही पूर्ण झालंच नाही. १८५२ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी एडा गेली. आपला प्रोग्रॅम तिला एकदाही रन करून बघता आला नाही.

तुमच्याकडे लॅपटॉप आहे, गाइडही आहेत. त्यांना जरूर विचारा, पण कोड तुमचाच असू द्या. तो स्वतः लिहिलात, तरच चूक कुठेय ते कळेल. गाइडचीसुद्धा!