निकोलस स्टेनो व मुशीचे दांत

आपलें नांदगांव समुद्रापासून दूर आहे. तरी सुटींत ज्यांनीं कोंकणचा किनारा पाहिला असेल, त्यांनीं रापण ओढतांनाही पाहिली असेल. मच्छीमारांचीं घरेंच्या घरें वाळूवर उभीं राहतात आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचे हात दोराला लागतात. बांगड्या-तारल्यांबरोबर कधीं एखादी मुशी, कधीं शेपटीला विषारी कांटा असलेली पाकट जाळ्यांत येते. वडील माणसें मुलांना त्या कांट्यापासून दूर सारतात, वाटे पडतात, आणि मासळी बाजाराला जाते. किनाऱ्यावर ओढून आणलेल्या अशाच एका प्रचंड मुशीमुळें एका तरुण वैद्याला पृथ्वीचा इतिहास वाचण्याची रीत सांपडली. त्याचें चरित्र आज सांगावयाचें आहे.

निल्स स्टेनसेन ऊर्फ निकोलस स्टेनो याचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें १६३८ च्या जानेवारींत झाला. बाप सोनार होता. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत हा मुलगा आजारी होता. बरोबरीच्या मुलांशीं खेळण्याऐवजीं तो वडील माणसांचें संभाषण ऐकत असे. आजार सरतो न सरतो तोंच पित्याचें छत्र हरपलें. पुढें तो वैद्यक शिकूं लागला, तों स्वीडनच्या सैन्यानें शहराला वेढा दिला व अध्ययनांत खंड पडला.

१६६० सालीं ॲम्स्टरडॅम येथें मेंढीच्या डोक्याचें विच्छेदन करीत असतां कानाजवळच्या लाळग्रंथीपासून तोंडांत येणारी नलिका त्यास आढळली. त्याच्या शिक्षकानें त्या शोधावर आपला हक्क सांगितला. वाद पुष्कळ माजला. परंतु स्टेनोनें अधिक बारकाईनें विच्छेदनें करून त्यास उत्तर दिलें, आणि ती नलिका आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. हृदय हा एक स्नायूच आहे असें त्यानें दाखविलें. १६६४ सालीं पाकटीच्या शरीररचनेवरही त्यानें लिहिलें. पुढल्या वर्षीं पॅरिसमध्यें मेंदूवर व्याख्यान देतांना, मेंदूविषयीं आपणांस कांहींच कळत नाहीं, असें त्यानें आरंभींच मोकळेपणानें कबूल केलें. विद्वानांच्या सभेंत असें म्हणावयास धैर्य लागतें.

नंतर तो फ्लॉरेन्सला ग्रँड ड्यूक फर्डिनांड याच्या आश्रयास गेला. १६६६ च्या ऑक्टोबरांत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनीं एक अजस्र मुशी किनाऱ्यावर ओढून मारली. सगळें धूड नेणें अशक्य, म्हणून ड्यूकच्या आज्ञेवरून नुसतें डोकें स्टेनोकडे आलें. जबड्यांतील दांत पाहतांच त्यास जिव्हाशिलांची आठवण झाली. जिभेच्या आकाराचे हे त्रिकोणी दगड माल्टा बेटांत विपुल सांपडत. त्या बेटावर पौलाच्या हाताला सर्पानें विळखा घातल्याची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तिला जोडून, तेथील सर्पांच्या जिभांचे दगड झाले, अशी कथा लोकांत रूढ होती. विषावर उतारा म्हणून ते दगड जवळ बाळगीत. कोणी म्हणत ते आकाशांतून पडतात, कोणी म्हणत खडकांतच उगवतात.

कोलोन्ना नांवाच्या पंडितानें ते माशांचे दांत आहेत असें पूर्वींच लिहिलें होतें. स्टेनोनें त्याच्याही पुढें जाऊन विचार केला. खडकाच्या फटींत वाढणारें मूळ वेडेंवांकडें होतें आणि खडक फोडतें; हे दगड तर सर्वत्र सारख्याच घाटाचे. तेव्हां ते खडकांत वाढलेले नसून, खडक मऊ गाळ असतांना त्यांत पुरले गेले असले पाहिजेत. आज आपणांस ठाऊक आहे कीं, मुशीचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो व बहुधा कुजून जातो. कठीण दांत मात्र जन्मभर पडतात व नवे येतात. म्हणून दांतच विपुल सांपडतात. १६६७ सालीं हें मत त्यानें केवळ अनुमान म्हणून प्रसिद्ध केलें. पुराव्यापलीकडे एक पाऊलही टाकलें नाहीं.

मग तो टस्कनीच्या टेकड्या धुंडाळूं लागला. १६६९ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें नियम सांगितले: गाळाचे थर मूळचे आडवे बसतात, ते तिरपे दिसले तर मागाहून उलथापालथ झाली, आणि खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा. नियम साधे आहेत, पण आजचें भूस्तरशास्त्र त्यांवरच उभें आहे.

१६६७ सालींच तो रोमन कॅथॉलिक पंथांत गेला होता. १६७५ सालीं तो धर्मगुरु व १६७७ सालीं बिशप झाला. शास्त्र मागें पडलें. बिशपपदाची आंगठी व क्रूसही विकून त्यानें गरिबांस साहाय्य केलें. १६८६ सालीं जर्मनींतील श्वेरीन येथें, उपास व कष्ट यांनीं झिजून, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. देह फ्लॉरेन्सला नेऊन पुरण्यांत आला.

मुलांनो, मनमाडकडे जातांना आगगाडींतून डोंगरांच्या पायऱ्या दिसतात. ते थर गाळाचे नव्हेत, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे आहेत. त्या कातळांत मुशीचा दांत मिळणार नाहीं. तरी तेथेंही खालचा थर आधींचा, हें खरेंच. कोळ्यांनीं तें डोकें राखून दिलें, आणि स्टेनोनें नीट पाहिलें. आपण रोज पाहतों त्या दगडाकडे एकदां तसें पाहूं या.