ऑगस्ट क्रोग

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील ग्रेनो ह्या गावी १५ नोव्हेंबर १८७४ रोजी ऑगस्ट क्रोग ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जहाजे बांधीत असत. कोपनहेगनच्या विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर क्रोग हे क्रिस्टियन बोर ह्या नामांकित शास्त्रज्ञाचे साहाय्यक झाले.

फुप्फुसे प्राणवायू आपल्या बळाने रक्तात ढकलतात, असे बोर ह्यांचे मत होते. क्रोग ह्यांचे प्रयोग निराळेच सांगू लागले. प्राणवायू जेथे अधिक असतो तेथून तो कमी असलेल्या जागी आपोआप झिरपतो, असे त्यांना दिसून आले. गुरूच्या मताविरुद्ध लिहावयाचे, हा प्रसंग मोठा कठीण! पत्नी मारी ह्यांच्या साहाय्याने त्यांनी बारकाईने मोजमापे केली आणि १९१० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुरूंचे ऋण त्यांनी त्या लेखनातच मान्य केले होते; तरीही दोघांत दुरावा आलाच.

आता नवा प्रश्न उभा राहिला. श्रम करणाऱ्या स्नायूला कितीतरी अधिक प्राणवायू लागतो. तो नुसता झिरपतच येत असेल, तर गरज भागते कशी? शेतकरी दारे धरताना एकाच वेळी सगळ्या वाफ्यांत पाणी सोडीत नाही. तद्वत् विश्रांतीच्या वेळी पुष्कळशा केशवाहिन्या मिटलेल्या असाव्यात आणि काम सुरू होताच उघडत असाव्यात, असा तर्क क्रोग ह्यांनी केला. त्यांनी गिनीपिगच्या रक्तात काळी शाई मिसळली व स्नायूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. विसावलेल्या स्नायूत काळे ठिपके थोडे होते. श्रमलेल्या स्नायूत ते दाटीने पसरले होते. ह्या शोधाबद्दल १९२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताचे हे नियमन मुख्यतः केशवाहिन्यांच्या अलीकडील सूक्ष्म रोहिण्या करतात, असे पुढील संशोधकांनी दाखविले.

आपल्या त्वचेतही असाच खेळ चालतो. धावण्यास आरंभ करताच त्वचेतील वाहिन्या काहीशा आकसतात आणि रक्त स्नायूंकडे वळते. थोड्याच वेळात शरीर तापते. मग त्याच वाहिन्या रुंदावून आतील उष्णता बाहेर टाकू लागतात, आणि गोऱ्या माणसाचा चेहरा लालबुंद दिसतो.

मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह जडला होता. १९२२ साली उभयता अमेरिकेस गेली असता क्रोग टोरांटोस जाऊन आले. नुकत्याच सापडलेल्या इन्शुलिनच्या निर्मितीची परवानगी त्यांनी तेथील विद्यापीठाकडून मिळविली आणि १९२३ साली डेन्मार्कमधील रोग्यांना ते औषध मिळू लागले. मारी त्यानंतर वीस वर्षे जगल्या.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना क्रोग ह्यांना स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला. युद्ध संपताच ते परतले आणि टोळ कसे उडतात ह्याचा अभ्यास करू लागले. १३ सप्टेंबर १९४९ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.