राजवाडे कोसळतील या भीतीनं ज्याचा घास घेतला, त्या मेजर मँटचा न्यू पॅलेस कोल्हापूरच्या पावसात १४० वर्षं उभा आहे

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक चक्कर मारतो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि मग न्यू पॅलेसला जातो. आत गेला की शस्त्रं, शिकारीचे प्राणी, दरबार हॉलच्या रंगीत काचा. बाहेर आला की घड्याळाच्या मनोऱ्यासमोर फोटो. ज्या भिंतीला टेकून तो फोटो काढला जातो, तिच्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही.

खरं तर बघण्यासारखी तीच आहे. काळ्या घडीव, घोटीव दगडाची भिंत. वर प्लास्टर नाही, रंग नाही. १८८४ साली पॅलेस बांधून पूर्ण झाला, त्यानंतर १४० पावसाळे या भिंतीनं अंगावर घेतले. आपल्याकडे दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या बंगल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तिसऱ्या पावसाळ्यात ओल येते, पाचव्यात पोपडे निघतात आणि सातव्यात पेंटरला फोन जातो. म्हणूनच ही काळी भिंत ज्याच्या डोक्यातून आली, त्या माणसाची गोष्ट वाचण्यासारखी आहे.

त्याचं नाव मेजर चार्ल्स मँट.

मँटचा जन्म १८३९ च्या सुमारास झाला. तो ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये होता. नावाला सैन्य, पण या लोकांचं काम होतं पूल, रस्ते, बराकी बांधण्याचं. भारतात तर त्यांच्याकडून शाळा, दवाखाने, कचेऱ्या असं सगळंच बांधून घेतलं जायचं. तरुणपणीच मँट मुंबई इलाख्यात आला. सुरतचं हायस्कूल हे त्याचं सुरुवातीचं काम. इतर गोरे इंजिनिअर विलायतेतली इमारत उचलून इथे ठेवायचे, तसं न करता हा गडी इथली देवळं, वाडे, मशिदी, छत्र्या बघत फिरला. पुढे ज्या बांधकामाला इंडो-सारासेनिक शैली असं भारदस्त नाव मिळालं, तिच्या पहिल्या फळीतल्या माणसांत मँटचं नाव घेतलं जातं.

कोल्हापूरशी त्याचा संबंध कसा जुळला, तर त्याला कारण झाला एक मृत्यू.

कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस वर्षांचं. अर्नो नदीच्या काठी, दोन नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे १८७४ साली तिथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, आणि त्याच्यावरची छत्री आखली मँटनं. ती छत्री आजही फ्लॉरेन्सच्या कॅशिने बागेत आहे. शेजारच्या पुलाला तिथले लोक इंडियन माणसाचा पूल म्हणतात. कोल्हापूरकरांना फ्लॉरेन्सचा पत्ता विचारावा लागत नाही, तो असा.

त्याच सुमाराला कोल्हापुरात मँटची कामं धडाधड सुरू झाली. भाऊसिंगजी रोडवरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात झाला. त्याच्या समोरचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आपलं सीपीआर, हेही त्याचंच. टाऊन हॉल त्यानं गॉथिक पद्धतीनं आखला, टोकदार कमानी आणि उतरतं छप्पर घेऊन. आज त्यात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा पुतळा तिथलाच. आकार विलायती असला तरी दगड मात्र त्यानं इथलाच वापरला, काळा पत्थर.

आता दगडाचं गणित जरा समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

कोल्हापूर हे दोन दगडांच्या सीमेवरचं गाव आहे. समुद्र इथे नाही, पण समुद्रावरून येणारा पाऊस इथूनच पुढे जातो. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो आणि ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्याला पाच-सहा हजार. घाट उतरून कोकणात गेलं, किंवा अलीकडे मसाई पठारासारख्या माथ्यांवर चढलं, की लागतो जांभा. लालसर आणि भोकाभोकांचा. जमिनीतून काढला की तासायला सोपा, हवेवर कडक होतो, स्वस्तही पडतो. पण तो पाणी पितो. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या जांभ्यानं स्वतःच्या वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालतं, आणि भाजक्या विटेला तर २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. म्हणून तर कोकणात घराचं छप्पर भिंतीबाहेर भरपूर ओढून घेतात आणि पावसाळ्याआधी भिंतींना झापांचा आडोसा करतात.

काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, थंड झाले, त्यातून हा बनला. चांगला घट्ट बेसाल्ट एखादा टक्का पाणी शोषतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. भिंतीवर पाऊस आपटतो आणि खाली ओघळून जातो. घडवायला मात्र महाकठीण. पाथरवटाची टाकी सारखी बोथट होते, दिवसभर ठोकून हातात फार थोडं काम पडतं. मजुरी महाग, पण परीक्षा आधीच झालेली होती. अंबाबाईचं देऊळ आणि खिद्रापूरचा कोपेश्वर याच दगडात शतकानुशतकं पाऊस खात उभे होते. मँटला प्रयोगशाळेत जायची गरजच नव्हती.

१८७७ मध्ये न्यू पॅलेसचं काम सुरू झालं. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ, कोपऱ्यांवर छोटे घुमट, महिरपी कमानी, बाहेर आलेले छज्जे. कुठे राजस्थानातल्या डीगच्या महालांची आठवण, कुठे मथुरेची, कुठे गुजरातच्या जैन मंदिरांची, आणि कुठे मराठी वाड्याची. खर्च सुमारे सात लाख रुपये आला असं सांगतात. त्या वेळी, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. लोक अन्नावाचून मरत असताना सात लाखांचा राजवाडा बांधायला घ्यावा का, हा प्रश्न इमारतीच्या देखणेपणानं पुसला जात नाही.

छज्जे आणि कमानी बघताना त्या शोभेसाठी आहेत असं वाटतं. पण छज्जा हा भिंतीचा रेनकोट असतो. तो खिडकीवरचं पाणी भिंतीपासून लांब टाकतो. दोन मजल्यांच्या मध्ये बाहेर आलेली दगडाची पट्टी वरून ओघळणाऱ्या पाण्याची धार तोडते. उंच जोतं जमिनीवरून उडणारे शिंतोडे वरच्या वर झेलतं. घोटून गुळगुळीत केलेल्या दगडावर शेवाळालाही पाय रोवायला वेळ लागतो. दगड कितीही चांगला असला आणि पाणी त्याच जागी रोज मुरत राहिलं, तर सांध्यातून ते आत जातंच.

सांधा ही दगडी भिंतीची खरी दुखरी जागा. त्या काळच्या जाड दगडी भिंतीची रीत अशी होती: बाहेरून घडीव दगडाचा चेहरा, आतून साधं बांधकाम, मधल्या पोकळीत खांडक्या आणि चुना. चेहरा आणि पोट एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालायचे. सांध्यात घाणीवर मळलेला चुना. चुना पाणी थोडं घेतो आणि ऊन पडलं की सोडून देतो. हल्ली जुन्या भिंतीच्या दर्जा सिमेंटनं भरायची घाई होते. सिमेंट वरून टणक बसतं, पण आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते. मग ते घराच्या आतल्या बाजूनं बाहेर पडतं आणि भिंतीला लोणा लागतो.

नव्या घराला दगडाचा चेहरा लावणाऱ्यांचंही असंच होतं. सिमेंटच्या विटांची भिंत, त्यावर प्लास्टर, त्यावर चिकटवलेल्या दोन सेंटिमीटरच्या दगडी लाद्या. पहिल्या वर्षी बंगला हुबेहूब पॅलेससारखा दिसतो. मग सांध्यातून पाणी लादीच्या मागे जातं, तिथे अडकतं आणि एक दिवस लादी खाली येते. पाऊस जास्त असेल तर लाद्या स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर बसवून मागे बोटभर पोकळी ठेवणं आणि खालून पाणी निघायला वाट ठेवणं बरं. साधं लोखंड वापरलं तर ते गंजतं, फुगतं आणि दगडच फोडतं. समुद्रकाठी तर हे फारच लवकर होतं. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, एक बारीक खाच ठेवायला गवंड्याला सांगावं. थेंब तिथेच तुटून पडतो, भिंतीपर्यंत येत नाही. खर्च जवळपास शून्य.

परत मँटकडे.

कोल्हापूरचं काम चालू असताना त्याच्याकडे संस्थानिकांची रांग लागली होती. अजमेरच्या मेयो कॉलेजची पांढऱ्या संगमरवरातली इमारत, बिहारमध्ये दरभंगा, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस. बडोद्याला जवळपास कोल्हापूरसारखा काळा दगड हाताशी नव्हता. तिथे त्यानं विटेचं अंग बांधून त्याला आग्र्याकडच्या लाल वालुकाश्माचा चेहरा द्यायचं ठरवलं. कडांना आणि नक्षीला पुण्याकडचा निळसर काळा दगड, काही जागी राजस्थानचा संगमरवर. म्हणजे आज ज्याला आपण स्टोन क्लॅडिंग म्हणतो तेच, फक्त राजवाड्याच्या मापानं.

आणि इथेच कुठेतरी त्याच्या मनानं घात केला.

एकाच वेळी अनेक राजवाडे, प्रत्येकात उंच मनोरे, घुमट, मोठाल्या कमानी. आपले हिशेब चुकलेत, हे सगळं एक दिवस कोसळणार, असं त्याला वाटायला लागलं. ती भीती वाढत गेली, त्याचं मानसिक संतुलन गेलं आणि १८८१ साली, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्याचा मृत्यू झाला. त्यानं आत्महत्या केली अशी गोष्ट बडोद्यात आणि कोल्हापुरात गाइड हमखास सांगतात. इंटरनेटवर तर ती मसाला लावून फिरते. पण एका आजारी माणसाच्या शेवटाचं भांडवल करण्यापेक्षा त्याची भीती खरी होती का, हे तपासणं जास्त बरं.

हिशेब सोपा आहे. बेसाल्टचं वजन घनमीटरला तीन टनांच्या आतबाहेर. २० मीटर उंच सलग दगडी भिंत धरली, तर तळाच्या दगडावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे सहा किलोचा भार येतो. चांगला बेसाल्ट चिरडायला त्याच जागेवर हजार किलोहून जास्त भार लागतो. भिंत स्वतःच्या वजनानं चिरडायची असेल तर आकडेमोड दोन-चार नव्हे, शंभर पटींनी चुकायला हवी. दगडी इमारती पडतात त्या वेगळ्या कारणांनी. पाया एका बाजूला खचतो, कमानीचा रेटा भिंतीला बाहेर ढकलतो, किंवा सांध्यातला चुना पाण्यानं वाहून जाऊन चेहरा पोटापासून सुटतो. जाड भिंती आणि एकमेकांना पेलणाऱ्या कमानींच्या रांगा हा पहिल्या दोन्हींवरचा जुना इलाज, आणि मँटनं तो हात राखून वापरलेला नाही.

पण मन आकडेमोडीनं शांत होतंच असं नाही. त्या काळात अशा माणसाला वेडा ठरवून बाजूला करण्यापलीकडे फार काही केलं जात नव्हतं.

विचित्र योगायोग असा, की ज्यांच्या राज्यात हा पॅलेस बांधला जात होता, त्या तरुण चौथ्या शिवाजी महाराजांनाही वेडे ठरवण्यात आलं होतं. त्यांच्या छळाविरुद्ध केसरी आणि मराठामधून आवाज उठला. दिवाण माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. पॅलेस पुढच्याच वर्षी पूर्ण झाला. आखणारा तीन वर्षांपूर्वी गेलेला, ज्यांच्या कारकिर्दीत काम सुरू झालं तेही गेलेले. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंत दत्तक आला आणि शाहू छत्रपती झाला.

बडोद्याचं अर्धवट काम रॉबर्ट चिझमकडे गेलं. हा मद्रासमधला नावाजलेला आर्किटेक्ट. त्यानं १८९० मध्ये लक्ष्मीविलास पूर्ण केला आणि तोही आज उभा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोल्हापूरही हादरलं. न्यू पॅलेसचा मनोरा त्यानंतरही जागेवर आहे. आता तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे आणि वर छत्रपती घराणं राहतं.