जोतीराव फुले : शेत, रान आणि पाणी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामास येते. कांद्याच्या बाजारपेठेमुळेही हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु लोणंदच्या आसपासचीच तीन लहान गावे एका थोर पुरुषाच्या चरित्राशी जोडलेली आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. लोणंदच्याच खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. दक्षिणेला खटाव तालुक्यातील कटगुण हे फुले घराण्याचे मूळ गाव. आणि नीरा ओलांडून उत्तरेस गेले की पुरंदर तालुक्यातील खानवडी, जिथे कटगुण सोडून आलेले हे कुटुंब काही काळ स्थिरावले. महात्मा जोतीराव फुले यांना आपण मुलींच्या शाळेचे संस्थापक म्हणून ओळखतो. या लेखात आम्ही त्यांच्याकडे शेतकरी आणि शेतीचे चिंतक म्हणून पाहणार आहोत.

घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे आजोबा शेटिबा पुण्यास आले. पुढे पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हेच आडनाव रूढ झाले. १८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला आणि ते वर्षाचे असतानाच आई चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढविले. शाळेत घातलेला मुलगा लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी काढून घेतला व शेतकामाला लावला. ही काही वर्षे वाया गेली, असे चरित्रकार सहसा समजतात. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. वाफे बांधणे, पाणी धरणे, खत पसरणे हे त्या मुलाने हातांनी केले, आणि पुढे त्याच्या लेखणीत जे उतरले ते याच हातांचे ज्ञान होते. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. ही शाळा प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची. तेथे त्यांना शिक्षण मिळाले, धर्म मात्र त्यांनी स्वीकारला नाही.

१८४८ ची भिडे वाड्यातील शाळा, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ मधील सत्यशोधक समाजाची स्थापना, हा इतिहास आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ते यशस्वी कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामासाठी त्यांनी दगड पुरविला आणि त्या धरणाच्या कालव्याखाली हडपसरजवळ मांजरी येथे स्वतः बागायती केली. धरण कसे उभे राहते, कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा पोहोचते आणि केव्हा पोहोचत नाही, हे त्यांनी बांधावर उभे राहून पाहिले होते.

त्याच काळात दख्खनचा शेतकरी खचत चालला होता. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी अन्नछत्र चालविले. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरून मदत गोळा करीत होत्या. चाऱ्यावाचून जनावरे मेली, माणसे गाव सोडून गेली. दुष्काळ पावसाच्या अभावाने पडतो खरा; पण त्याच पावसात पूर्वी तग धरणारे गाव आता का कोलमडते, हा प्रश्न जोतीरावांना सोडीना.

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात दिले. ग्रंथात कर, कर्ज, भटशाही व नोकरशाही यांवर कठोर प्रहार आहेत आणि त्यांचीच चर्चा अधिक होते. आम्हांस येथे त्यातील दुसरा धागा दाखवायचा आहे. डोंगरउतारावरील रानात झाडांचा पाचोळा, गवत, फुले, मेलेले किडे व जनावरे कुजतात. वळवाच्या पावसाने हे सत्त्व वाहून खालच्या शेतांत येते आणि जमिनीस खत मिळते. लहान शेतकरी रानातील फळे खाऊन, पाने-फुले विकून आणि गायरानावर दोन-चार गुरे, शेळ्या राखून वाईट वर्ष निभावून नेई. जमीन पुरेशी असे तेव्हा काही भाग पडीक ठेवून तिला विसावा दिला जाई. पुढे वाटण्या होऊन जमीन अपुरी पडली, विसावा संपला, तिचा कस उतरला. त्यात १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारी जंगल खात्याचा अंमल आणखी कडक झाला. रान आणि गायरान खात्याच्या ताब्यात गेले की गुरांचा चारा तुटतो, गुरे कमी होतात, गुरे कमी झाली की शेणखत आणि नांगराचे बैल कमी होतात आणि शेवटी भाकरी कमी होते. शेत महसूल खात्याकडे, रान जंगल खात्याकडे, पाणी इंजिनिअरांकडे, अशी वाटणी सरकारने केली होती. शेतकऱ्याच्या घरात मात्र या तिन्हींचा एकच हिशेब होता.

त्यांचे उपायही याच जोडणीतून आले. पलटणीतील व पोलिसांतील रिकामे हात लावून शेतांत ताली आणि बंधारे अशा रीतीने घालावेत की पावसाचे पाणी आधी शेतजमिनीत मुरावे आणि मग नदीनाल्यांस मिळावे. डोंगरदऱ्यांच्या तोंडाशी सोयीप्रमाणे तळी व धरणे बांधावीत, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी राहील. नदीतील व तलावांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. सरपण न्यावे, पण लाकूड विकण्यास मनाई असावी. गाईबैलांची कत्तल थांबवावी, शेळ्यामेंढ्यांची चांगली बीजे परदेशांतून आणावीत. भूगर्भातील पाण्याच्या जागा शोधून त्यांचे नकाशे करावेत. कालव्याचे पाणी प्रत्येक शेताच्या गरजेप्रमाणे तोटीने मोजून द्यावे. आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, दरवर्षी पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. जुने ते सारे सोने असे मानणारा हा मनुष्य नव्हता, हे यावरून दिसेल.

सर्वच गोष्टी आज जशाच्या तशा स्वीकारता येतील असे नाही. जंगल खातेच मोडून टाकावे, ही त्यांची मागणी रेल्वेसाठी व इमारतींसाठी लाकडाची मागणी वाढत असलेल्या काळात रानाला कितपत मानवली असती, याची आम्हांस शंका वाटते. पण रान राखायचे ते गावाला बाहेर ठेवून की गावाच्या हाती देऊन, हा त्यांचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत भारताची पाठ सोडीत नव्हता.

जगातही हीच वाटणी दीर्घकाळ चालली. १९९२ मध्ये रिओ येथील परिषदेत हवामानाचा करार वेगळा आणि जैवविविधतेचा करार वेगळा झाला. अन्नाचा विचार तिसऱ्याच दालनात होत राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे मान्य झालेल्या जैवविविधता आराखड्याच्या दहाव्या लक्ष्यात शेतीचा विचार करताना कृषिपरिसंस्थेच्या पद्धतींचा उल्लेख आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत शेती व अन्न यांवर स्वतंत्र जाहीरनामा निघाला. पीक, पशुधन, झाडे, माती व पाणी यांना एकत्र धरून शेती करावी आणि धोरणही तसेच एकत्र आखावे, असा या विचाराचा आशय आहे. कटगुणच्या शेजारच्या तालुक्यांत तो लोकांनी कुदळ-फावड्याने गिरविला आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातील वेळूने आणि २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडीने पहिला क्रमांक मिळविला, तो श्रमदानाने चर खणून आणि बांध घालून. पलटणीची वाट कोणी पाहिली नाही.

असूडाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापली गेली. पुढचा मजकूर छापण्याचे धैर्य झाले नाही. जोतीरावांनी मग तो गावोगावी वाचून दाखविला. बडोद्याचे सयाजीराव महाराजही त्याचे श्रोते झाले. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस ते साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यांत पाहावा, असे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि जुलैमध्ये पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. त्यांनी डाव्या हाताने लिहिणे सुरू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. असूड पुढे १९६९ मध्ये धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट झाला.