रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर

बालमित्रांनो, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा तुमच्यापैकी काहींनी वाचल्या असतील. आज आपण त्यांच्या वडिलांची ओळख करून घेऊ.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईला बी.एस्सी. करून १९२८ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. परदेशात नाव कमावता आले असते; पण पंडित मालवीयांनी बोलावले म्हणून १९३२ मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख झाले. तेव्हा त्यांनी चोविशीही ओलांडली नव्हती!

त्यांचा विषय होता आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद. तो पडताळण्याजोगे प्रयोग फार थोडे, म्हणून त्याकडे वळणारेही थोडेच. विष्णुपंतांनी मात्र बनारसमध्ये तो चिकाटीने शिकवला. १९४२ मध्ये प्रल्हाद वैद्य नावाचे तरुण शिक्षक साठवलेल्या पैशांवर, बायको आणि तान्ह्या मुलीसह त्यांच्याकडे शिकायला आले. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे असते, याचे वैद्यांनी काढलेले उत्तर आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे विष्णुपंत पुणे विद्यापीठात आले. तेथे नरेश दधीच त्यांचे विद्यार्थी झाले. दधीच यांच्याबरोबर संशोधन केलेले संजीव धुरंधर नंतर पुण्याच्या 'आयुका'त गुरुत्वीय लहरींच्या शोधाकडे वळले.

या लहरी म्हणजे काय? दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत आदळले, की अवकाशच थरथरते, असे सापेक्षतावाद सांगतो. पण ती थरथर इतकी सूक्ष्म, की यंत्राच्या गोंगाटात हरवून जाते. म्हणून लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने आधी गणिताने काढायचे आणि मोजमापांशी एकेक ताडून पाहायचे. ही पद्धत घडवण्यात धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर सापडली. विष्णुपंत १९९१ मध्येच वारले होते. फळ पाहायला मिळेल की नाही, याचा हिशेब न करता त्यांनी आयुष्यभर शिकवले. आम्हा पालकांना हेच मोलाचे वाटते.

आपल्या वोल्फ्सबुर्गपासून जवळच, हानोफरच्या दक्षिणेला, ६०० मीटर लांब भुजांचे असे एक यंत्र आहे. आणखी एक, त्याहून खूप मोठे, हिंगोली जिल्ह्यात उभारायला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्या वर्गाला येताना नकाशात हिंगोली शोधून या बरं!