वसईचे व्यापारी संत गोन्सालो गार्सिया

केडगांव हें नगर-पुणें रस्त्यावरील गांव. मालाच्या गाड्या येथून रात्रंदिवस जातात, आणि नफातोट्याचा हिशेब आपणांपैकीं कोणास शिकवावा लागत नाहीं. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेसाठीं एका संताचें चरित्र लिहावयाचें ठरलें, तेव्हां आम्हीं एका व्यापाऱ्याचें निवडलें. हे व्यापारी आपल्याच महाराष्ट्राचे. त्यांच्या वसईंत आणि आपल्या नगरांत काय तो सह्याद्रि आडवा आहे.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. तेव्हां तेथें पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज, आई तेथलीच. येशूसंघाच्या फादरांजवळ त्यांचें शिक्षण झालें आणि ऐन पोरवयांत ते त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथील कठीण भाषा त्यांनीं आपलीशी केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. आपल्या जिल्ह्यांत खेडोपाडीं मास्तरांनीं जी सेवा केली, तिच्याच जातीची ही सेवा समजावी.

येशूसंघांत आपणांस घ्यावें, ही त्यांची मनींची इच्छा. ती पुरी झाली नाहीं. परक्यांनीं केलेला छळ मनुष्य एक वेळ सोशील, परंतु स्वकीयांच्या दारांतून परत फिरावें लागलें म्हणजे भल्याभल्यांची श्रद्धा डळमळते. आमच्या पाहण्यांत अशीं माणसें आहेत. गोन्सालो यांनीं संघाची सोबत सोडली, प्रभूची सोडली नाहीं.

ते व्यापारांत पडले. भाषा अवगत होतीच. धंदा वाढत गेला, पूर्वेकडील निरनिराळ्या बंदरांशीं त्यांची देवघेव सुरू झाली आणि गांठीस पैसा जमला. मग मनिला येथें त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशीं संबंध आला, आणि सर्व सोडून ते त्या संघांत बंधु झाले. बंधु हा पुरोहित नसतो. त्यास मिस्सा अर्पिण्याचा अधिकार नाहीं, कष्टाचीं कामें मात्र पुष्कळ. धंदा बुडाल्यावर वैराग्य येणारे लोक आपण पाहतों, आणि तें वैराग्य पुढचा हंगाम बरा येईपर्यंतच टिकतें. यांनीं धंदा भरास आलेला असतां सोडला. गरीब प्रभूच्या मागें रिकाम्या हातांनीं जाणें त्यांस अधिक लाभाचें वाटलें.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांजकडे वकील म्हणून पाठविलें. दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेले. मिशनऱ्यांनीं देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशी यांनीं १५८७ सालींच काढलेला होता. तेव्हां जिवास धोका आहे हें या मंडळीस ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरी तीं तेथें राहिलीं. क्योतो शहरीं त्यांनीं ख्रिस्तमंदिर बांधलें आणि महारोग्यांसाठीं दवाखाने घातले.

१५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळानें जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल जप्त झाला, आणि हे धर्मोपदेशक परकीय राजाची वाट मोकळी करावयास आले आहेत, असा संशय बळावला. डिसेंबरांत धरपकड झाली. सव्वीस जणांस शिक्षा ठरली. त्यांपैकीं वीस जपानी होते, आणि सर्वांत लहान लुईस इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा. क्योतोंत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली. मग भर हिंवाळ्यांत सुमारें महिनाभर चालवीत त्यांस नागासाकीस नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेंकडीवर क्रूस तयार होते. गोन्सालो सर्वांच्या आधीं पुढें झाले, असें सांगतात. त्यांस क्रूसास जखडून भाल्यांनीं भोसकलें. वय चाळिशीचें होतें.

१६२७ सालीं त्यांस धन्यपद मिळालें व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेले पहिले संत ते हेच. ६ फेब्रुवारीस आपण संत पॉल मिकी व सोबती यांचा सण पाळतों. त्या सोबत्यांत आपला एक वसईकर आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें.

वसईचा किल्ला १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतला, आणि पुढें आंतील मंदिरें ओस पडून ढांसळत गेलीं. तेथें येशूसंघाचें जें जुनें मंदिर आहे, त्यास आज संत गोन्सालो गार्सिया यांचेंच नांव आहे.